त्याच शाखेत, दुसऱ्या रुग्णालयात: रेसिडेन्सी बदलण्याचे एक प्रकरण

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण, सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले असताना एका इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट, डॉक्टरांनी मला विचारले, की शाखा तीच ठेवून दुसऱ्या राज्यातल्या प्रोग्रॅममध्ये जाता येते का, आणि येत असेल तर आपल्या प्रोग्रॅम डायरेक्टरला (प्रशिक्षणाच्या प्रमुखाला) कळू न देता ते कसे जमवावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘येते’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘जमत नाही’ असे. परंतु हे दुसरे उत्तर पटेपर्यंत त्यांचे दोन महिने गेले आणि हाताशी आलेली एक जागाही गेली. त्या जिथे होत्या किंवा नंतर जिथे गेल्या, त्यांपैकी कोणत्याही रुग्णालयाशी माझा संबंध नाही. मी तिसऱ्याच ठिकाणी शिकवते, आणि आमच्याकडे येणाऱ्या अशा अर्जांच्या छाननीत काही वर्षे भाग घेतल्यामुळे मला टेबलाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असताना राज्यांची आणि रुग्णालयांची नावे गाळली आहेत, तसेच ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मूळ परिस्थिती

या डॉक्टरांचे एमबीबीएस भारतात झाले होते. उमेदवार आणि रुग्णालये यांच्या पसंतिक्रमांची जुळणी करणाऱ्या मार्चमधल्या मॅचमध्ये त्यांना एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात तीन वर्षांची पूर्ण जागा मिळाली आणि १ जुलैला त्या प्रशिक्षणासाठीच्या जे-१ व्हिसावर रुजू झाल्या. त्यांचे पती डॉक्टर नाहीत, त्यांची नोकरी दुसऱ्या टोकाच्या राज्यात होती आणि दीड वर्षांची मुलगी पतींजवळ होती. मॅचमध्ये जोडप्याने एकत्र अर्ज करण्याची सोय आहे, पण ती दोघेही मॅचमध्ये असतील तरच उपयोगी पडते. मुलाखती चारच आल्या होत्या, त्यांतली एकही पतीच्या शहराजवळची नव्हती, आणि परदेशातून शिकून आलेल्या उमेदवाराने हाती असलेल्या चारही ठिकाणांना पसंतिक्रमात स्थान देणे हाच शहाणपणा असतो. त्यामुळे ‘मग तुम्ही हे ठिकाण निवडलेच का’ हा प्रश्न पुढे त्यांना ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांना त्या ‘निवड’ या शब्दाचा मर्यादित अर्थ समजावून सांगत राहिल्या.

कामाचे तास नियमात बसणारे होते, म्हणजे चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तासांच्या आत आणि सरासरीने सात दिवसांत एक दिवस मोकळा. त्या एका मोकळ्या दिवसात एक विमान बदलून जाणे आणि परतणे शक्य नव्हते. मुलीची भेट पाच-सहा आठवड्यांतून एकदा होई.

यात सप्टेंबरमधली एक घटना मिसळली. रात्रपाळीत एका रुग्णाचा रक्तदाब उतरत असल्याचा निरोप नर्सने दोनदा पाठवला. या डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अत्यवस्थ रुग्णाजवळ होत्या आणि त्यांनी उलट फोन करेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे गेली. रुग्णाला अपाय झाला नाही. मात्र आपण अडकलो आहोत हे त्यांनी वरिष्ठ रेसिडेंटला वेळेत कळवले नाही, अशी लेखी नोंद झाली आणि त्या महिन्याच्या मूल्यमापनात संवादकौशल्याच्या रकान्यात कमी श्रेणी पडली. शिक्षा झाली नव्हती, प्रोबेशन तर नव्हतेच. तरीही त्या रात्रीनंतर ‘इथे आपल्याला समजून घेणारे कोणी नाही’ ही भावना घट्ट झाली, आणि मुलीपासूनचे अंतर, वरिष्ठाबद्दलचा राग आणि या रुग्णालयात कार्डिऑलॉजीची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचे उपशाखेचे प्रशिक्षण) नसणे या तीन वेगवेगळ्या गोष्टींची त्यांच्या मनात एकच तक्रार होऊन बसली.

चुकीची सुरुवात

ऑक्टोबरमध्ये त्यांनी पतीच्या शहराच्या आसपासच्या तीसएक प्रोग्रॅमना ईमेल पाठवले. मी ते नंतर वाचले. निम्मा मजकूर आपले सध्याचे ठिकाण कसे वाईट आहे याबद्दल होता, उरलेल्यात परीक्षांचे गुण होते, आणि नेमकी कोणत्या वर्षाची जागा, कोणत्या तारखेपासून हवी याचा उल्लेखच नव्हता. अशा पत्राला उत्तर का येत नाही हे समजायला मोठी बुद्धी लागत नाही, पण ते लिहिणाऱ्याला दिसत नाही हेही तितकेच खरे. वाचणारा डायरेक्टर तक्रारीची शहानिशा करू शकत नाही; त्याला एवढेच दिसते, की हा माणूस उद्या आपल्याबद्दलही असेच तीस ठिकाणी लिहील.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याने त्यांना ‘४५ दिवस झाले की तू मोकळी’ असे सांगितले. या वाक्यात अर्धे सत्य आहे. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीच्या करारानुसार मॅचमध्ये मिळालेली जागा स्वीकारणे उमेदवारावर बंधनकारक असते, आणि रुजू झाल्यापासून पहिले ४५ दिवस तिथे राहिल्यास ते बंधन पाळले गेले असे मानतात; त्याआधी सोडायचे असेल तर रीतसर सूट मागावी लागते. पण हा हिशोब एनआरएमपीपुरता आहे. रुग्णालयाशी झालेला वार्षिक करार, राज्याचे प्रशिक्षणार्थी लायसन्स, व्हिसा आणि पुढे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाच्या परीक्षेसाठी मोजले जाणारे महिने या कशालाही त्या ४५ दिवसांशी देणेघेणे नाही. जे-१ वर असलेल्या डॉक्टरने वर्षाच्या मध्यात नुसता राजीनामा दिला, तर प्रशिक्षण तुटतेच, शिवाय त्या प्रशिक्षणावर टेकलेला देशातील वास्तव्याचा आधारही जातो. म्हणून पहिली गोष्ट ठरली ती ही, की जायचे तर ३० जूनला वर्ष पुरे करून जायचे आणि नवा करार हाती आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनाम्याचा शब्दही काढायचा नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका ठिकाणाहून उत्तर आले. तिथला पहिल्या वर्षाचा एक रेसिडेंट ॲनेस्थेशिया शाखेकडे जाणार होता, त्यामुळे जुलैपासून दुसऱ्या वर्षाची एक जागा मोकळी होणार होती. दुसऱ्या वर्षाच्या जागा बहुधा अशाच निघतात: कोणी शाखा बदलतो, कोणी आजारी पडतो, कोणाचे कुटुंब हलते, क्वचित प्रोग्रॅमला जागा वाढवून मिळतात. पहिल्या वर्षाच्या जागा मॅचमधून भरायच्या असतात. अशी अधेमधे निघालेली दुसऱ्या वर्षाची जागा मात्र प्रोग्रॅम थेट भरू शकतो, आणि म्हणूनच ती कधी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या फ्रीडा या सूचीत दिसते, कधी इंटर्नल मेडिसिनच्या शिक्षकसंघटनेच्या यादीत, तर कधी कुठेच जाहीर न होता कोऑर्डिनेटरच्या ईमेलवर भरली जाते.

त्या कोऑर्डिनेटरने सीव्ही मागितला आणि पुढच्याच ओळीत विचारले, ‘आमच्या डायरेक्टरांनी तुमच्या डायरेक्टरांशी बोलले तर चालेल ना?’ या एका ओळीपाशी सगळे थांबले. डॉक्टरांनी नऊ दिवस उत्तर दिले नाही. दहाव्या दिवशी त्यांनी ‘सध्या शक्य असल्यास टाळावे’ असे लिहिले, आणि त्यावर जागा भरल्याचे दोन ओळींचे सौजन्यपूर्ण उत्तर आले.

गुप्तता का टिकत नाही

त्यांना वाटत होते, की डायरेक्टरशी बोलण्याची मागणी हा त्या एका ठिकाणचा खोडसाळ आग्रह असावा. तसे नाही. रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या सर्व शाखांना लागू असलेल्या नियमांतच असे आहे, की बदली होऊन येणाऱ्या रेसिडेंटला स्वीकारण्यापूर्वी नव्या प्रोग्रॅमने त्याच्या आधीच्या प्रशिक्षणाची पडताळणी आणि क्षमतांवर आधारित समग्र मूल्यमापन मिळवले पाहिजे, आणि तो रुजू झाल्यावर त्याच्या माइलस्टोन्सच्या, म्हणजे प्रगतीच्या ठरावीक टप्प्यांच्या, नोंदीही घेतल्या पाहिजेत. हे मूल्यमापन जुन्या डायरेक्टरच्या सहीने येते. म्हणजे ज्याच्यापासून बातमी लपवायची, त्याच्याच पत्रावाचून दार उघडत नाही. दुसऱ्या कोणत्याही नोकरीत ‘सध्याच्या मालकाशी संपर्क साधू नये’ असे अर्जात लिहिता येते. इथे त्या ओळीला जागाच नाही.

आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांना हे विशेष जड जाते, आणि त्याचे कारण मला भारतातल्या व्यवस्थेत दिसते. भारतात पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमात एका महाविद्यालयातून दुसऱ्यात स्थलांतर करायला मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमावलीने साफ मनाई केली होती. जिथे वाटच नाही तिथे ती विचारणे म्हणजे आगाऊपणा, आणि विभागप्रमुखांच्या कानावर गेले तर उरलेली वर्षे कठीण, ही धारणा घेऊन आलेला माणूस अमेरिकेतही डायरेक्टरच्या खोलीकडे त्याच भीतीने पाहतो. भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. काही डायरेक्टर हा निर्णय मनाला लावून घेतात. पण न सांगण्याने तो धोका टळत नसतो. तो फक्त अशा दिवसापर्यंत ढकलला जातो, जेव्हा दुसऱ्या रुग्णालयाचा फोन डायरेक्टरच्या टेबलावर वाजतो आणि बातमी सांगण्याचे काम आपल्या हातून गेलेले असते.

डिसेंबरमधले संभाषण

सहामाही मूल्यमापनाची बैठक डिसेंबरच्या मध्यात होती. त्या बैठकीतच विषय काढू नये, तिचे निकाल ऐकून घ्यावेत आणि आठवड्याभराने स्वतंत्र वेळ मागावी, असे आम्ही ठरवले. श्रेणी ऐकल्याबरोबर बदलीची भाषा केली, तर ती श्रेणीवरची प्रतिक्रिया वाटते. बैठकीत सप्टेंबरची घटना निघाली. त्यानंतरच्या तीन महिन्यांत सुधारणा झाल्याचेही नोंदवले गेले होते, आणि ही नोंद असल्याचे त्यांना तिथेच प्रथम कळले.

स्वतंत्र भेटीसाठी त्यांनी काय बोलायचे ते लिहून काढले. माझी एकच सूचना होती: तीन कारणांतले एकच न्यायचे, जे खरे आहे आणि ज्यावर डायरेक्टरला वाद घालावा लागणार नाही. वरिष्ठाबद्दलचा राग खरा असला तरी तो नेला असता, तर संभाषण चौकशीकडे वळले असते. फेलोशिपचे कारण नेले असते, तर ‘आमचेही रेसिडेंट कार्डिऑलॉजीला जातात’ हे उत्तर तयार होते. मुलगी दुसऱ्या राज्यात आहे आणि पती नोकरी हलवू शकत नाहीत, यावर कोणी काय बोलणार?

डायरेक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोन प्रश्न विचारले. जागा मिळाली नाही तर तुम्ही इथे तीन वर्षे पूर्ण करणार का? आणि तुमची जागा मला भरायची असेल, तर मला नक्की केव्हा कळेल? दुसऱ्या प्रश्नात त्यांची सगळी अडचण होती. दुसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट कमी झाला, की पुढच्या वर्षाच्या आयसीयूच्या रात्री, वॉर्डातल्या टीमचे नेतृत्व आणि क्लिनिकमधली रुग्णांची यादी हे सगळे उरलेल्यांवर येते, आणि वेळापत्रक वसंत ऋतूतच बांधायला घेतलेले असते. डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले. दुसऱ्यासाठी त्यांनी १५ एप्रिल ही तारीख दिली. तोपर्यंत काही ठरले नाही तर वर्षभर हा विषय पुन्हा काढणार नाही, असे सांगितले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त निर्णय हाच होता, आणि तो माझा नव्हता. त्यांना तो खोलीत बसल्यावर सुचला. तारीख मिळाल्याने डायरेक्टरांना नियोजन करता येणार होते, आणि जागा न मिळाल्यास दोघांनाही अवघडलेपणाविना पुढे काम करता येणार होते.

दुसऱ्या खेपेचे ईमेल बारा ठिकाणी गेले आणि ते प्रत्येकी सहा-सात ओळींचे होते: इंटर्नल मेडिसिनच्या पहिल्या वर्षात आहे, ३० जूनला ते पूर्ण होईल, दुसऱ्या वर्षाच्या जागेसाठी १ जुलैपासून उपलब्ध आहे, कुटुंब तुमच्या शहरात आहे, जे-१ वर आहे, माझ्या डायरेक्टरांना याची कल्पना आहे आणि ते बोलायला तयार आहेत. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. छाननी करताना आम्ही ती आधी शोधतो.

जागेमागचा पैसा

रिकामी खुर्ची आणि चांगला उमेदवार असूनही नकार का येतो, हे इथे समजून घेतले पाहिजे, कारण तो नकार बहुतेक वेळा उमेदवाराविषयी नसतो. रेसिडेंटच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना रुग्णालयाला देते, आणि १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट ॲक्टने बहुतेक जुन्या रुग्णालयांसाठी किती रेसिडेंटचे पैसे मिळतील याची मर्यादा १९९६ च्या संख्येवर बांधून टाकली. त्या मर्यादेपलीकडचा रेसिडेंट रुग्णालयाला स्वतःच्या पैशाने पोसावा लागतो. शिवाय एसीजीएमईने प्रत्येक प्रोग्रॅमला जागांची ठरावीक संख्या मंजूर केलेली असते आणि ती ओलांडायची तर परवानगी लागते. त्यामुळे ‘मला कसेही सामावून घ्या’ या विनंतीला अर्थ उरत नाही. आधीचा कोणी जायला हवा.

रेसिडेंट स्वेच्छेने गेला तर त्याच्या जागेचा पैसा त्याच्याबरोबर जात नाही. रुग्णालयच बंद पडले तर मात्र चित्र वेगळे असते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाचे हानेमन विद्यापीठ रुग्णालय बंद झाले, तेव्हा साडेपाचशेहून अधिक रेसिडेंट आणि फेलो एका उन्हाळ्यात उघड्यावर आले. अशा वेळी त्यांना घेणाऱ्या रुग्णालयांची मर्यादा तात्पुरती वाढवून देण्याची तरतूद मेडिकेअरच्या नियमांत आहे. त्या रुग्णालयाच्या जागा दिवाळखोरीच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरना विकायला निघाल्या होत्या आणि केंद्र सरकारने त्याला हरकत घेतली, यावरून एका जागेचे मोल रुग्णालयांच्या लेखी काय असते याचा अंदाज यावा.

शाखा तीच ठेवून बदली करण्याचा एक फायदा इथेच दिसतो. पहिल्या प्रोग्रॅममध्ये शिरताना मेडिकेअर प्रत्येक रेसिडेंटचा प्रारंभिक प्रशिक्षणकाळ ठरवते आणि इंटर्नल मेडिसिनसाठी तो तीन वर्षांचा असतो. तो संपल्यावर प्रशिक्षणाच्या थेट खर्चाच्या हिशोबात तो रेसिडेंट अर्धाच धरला जातो. या डॉक्टरांचे एक वर्ष वापरले गेले होते, दोन उरले होते, आणि नव्या ठिकाणी नेमकी दोनच वर्षे लागणार होती. त्यांना पहिले वर्ष पुन्हा करायला लावले असते, तर चौथ्या वर्षी त्या नव्या रुग्णालयाच्या हिशोबात अर्ध्या झाल्या असत्या. हा मुद्दा मुलाखतीत कोणी बोलत नाही, पण संस्थेच्या पातळीवर मंजुरी देणारा अधिकारी तो पाहतो.

पत्र आणि मुलाखत

फेब्रुवारीच्या शेवटी पतीच्या शहरापासून तासाभरावरच्या एका प्रोग्रॅमकडून विचारणा झाली. मुलाखत व्हिडिओवर झाली. तीत वैद्यकीय ज्ञानाबद्दल जवळजवळ काहीच विचारले गेले नाही. तीन शिक्षक आणि एक चीफ रेसिडेंट यांनी निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट तपासली, की हा माणूस कशापासून पळतो आहे की कशाकडे तरी जातो आहे.

सप्टेंबरच्या घटनेबद्दल काय करायचे यावर आमचा बराच ऊहापोह झाला होता. त्यांचे म्हणणे असे, की विचारल्याशिवाय सांगू नये. माझे म्हणणे असे, की डायरेक्टरच्या मूल्यमापनात ती येणारच, मग ती दुसऱ्याच्या शब्दांत प्रथम पोहोचण्यापेक्षा आपल्या शब्दांत पोहोचलेली बरी. शेवटी त्यांनी ती मुलाखतीत स्वतःहून सांगितली: काय घडले, चूक कोणती होती, आणि आता रात्री एका रुग्णाजवळ अडकल्यावर त्या वरिष्ठाला लगेच निरोप कसा देतात. दीड मिनिटांत विषय संपला. पंधरा दिवसांनी डायरेक्टरांचे मूल्यमापन तिथे गेले, त्यात त्याच घटनेची एका वाक्यात नोंद होती आणि पुढच्या वाक्यात सुधारणेची. दोन्ही वृत्तांत जुळले. नव्या प्रोग्रॅमच्या चीफने पुढे त्यांना सांगितले, की समितीत त्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार ठरले ते हे जुळणे.

डायरेक्टरांचे पत्र स्तुतिपर नव्हते. एसीजीएमईने ठरवलेल्या सहाही क्षमतांबद्दल कोरडी, अचूक वाक्ये आणि शेवटी ‘पहिले वर्ष समाधानकारकपणे पूर्ण करण्याच्या मार्गावर आहेत, पुढील वर्षात जाण्यास पात्र’ एवढेच. स्तुतीची अपेक्षा धरून बसलेल्या उमेदवाराला असे पत्र थंड वाटते, पण ‘पात्र’ हा शब्द असला की आमच्यासारख्यांना आणखी काही नको असते. त्याच्या अभावाकडे मात्र आम्ही लगेच पाहतो.

महिन्यांचा हिशोब

जागा देऊ केली ती दुसऱ्या वर्षाची. पण आधीच्या बारा महिन्यांपैकी किती धरायचे हे ठरायचे होते. बोर्डाच्या परीक्षेसाठी एबीआयएम, म्हणजे इंटर्नल मेडिसिनचे ते बोर्ड, ३६ महिन्यांचे प्रशिक्षण मागते आणि प्रत्येक वर्षाचे मूल्यमापन त्या त्या डायरेक्टरकडून घेते, त्यामुळे जुन्या ठिकाणच्या वर्षावर ‘समाधानकारक’ ही नोंद पडणे हे निघण्याआधीचे शेवटचे आणि न चुकवण्याचे काम होते. रजेसाठी एबीआयएम वर्षाला सरासरी पाच आठवडे धरते. यांची रजा चार आठवडे झाली होती, म्हणून तिथे तूट नव्हती. ज्याने आजारपणासाठी दोन-तीन महिने घेतले आहेत, त्याने हा आकडा करार वाचण्याआधी मांडावा.

तूट निघाली ती वेगळ्याच ठिकाणी. जुन्या प्रोग्रॅममध्ये इंटर्नचे वर्ष वॉर्ड आणि आयसीयूने भरलेले होते आणि बाह्यरुग्ण क्लिनिक आठवड्यातून एक अर्धा दिवस होते. नव्या ठिकाणी चार आठवडे वॉर्ड आणि एक आठवडा पूर्ण क्लिनिक अशी पद्धत होती, आणि तिथल्या इंटर्ननी वर्षभरात क्लिनिकचे बरेच अधिक काम केले होते. दोन्ही पद्धती नियमात बसतात, पण एकीतून दुसरीत उडी मारणाऱ्याच्या नोंदवहीत एक बाजू फुगलेली आणि दुसरी रिकामी दिसते. नव्या डायरेक्टरांनी त्यांचे ऐच्छिक रोटेशन कमी करून क्लिनिकचे आठवडे वाढवले. त्या ऐच्छिक महिन्यात त्यांना कार्डिऑलॉजी करायची होती. फेलोशिपचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, जुलैमध्ये जातात, म्हणजे नव्या ठिकाणी शिफारसपत्रे मिळवण्यासाठी त्यांच्याकडे जेमतेम एक वर्ष होते, आणि त्यातलाच एक महिना गेला. हे त्यांना करारावर सही करण्याआधी सांगितले गेले होते. त्यांनी ते मान्य केले, आनंदाने नव्हे.

कागदपत्रे

करार ९ एप्रिलला आला आणि राजीनामा त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे दिलेल्या तारखेच्या आत गेला. जे-१ डॉक्टरांचे प्रायोजकत्व परदेशी पदवीधर डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीकडे असते. ती आता इन्टेल्थ या संस्थेचा भाग आहे. प्रत्येक रुग्णालयात तिच्याशी व्यवहार पाहणारा एक नेमलेला अधिकारी असतो, आणि बदलीचा अर्ज नव्या रुग्णालयातल्या त्या अधिकाऱ्यामार्फत गेला. नव्या ठिकाणचे डीएस-२०१९ हे जे-१ चे पात्रतापत्र मिळण्यापूर्वी तिथे काम सुरू करणे हा नियमभंग ठरतो, मग ते काम बिनपगारी असले तरी. शाखा तीच असल्याने इथेही त्यांचे एक ओझे वाचले. शाखा बदलण्याची मुभा जे-१ वर एकदाच आणि तीही पहिल्या दोन वर्षांत मिळते. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असता, तर नव्या रुग्णालयाला स्वतःचा अर्ज करावा लागला असता, आणि तो खर्च व त्रास घ्यायची त्याची तयारी आहे का, हे मुलाखतीआधीच विचारणे भाग पडले असते.

राज्य बदलल्याने प्रशिक्षणार्थी लायसन्सही नवे लागले. त्यासाठी भारतातल्या महाविद्यालयाकडून पुन्हा प्रमाणित गुणपत्रके मागवावी लागली, आणि हे कळेपर्यंत दोन आठवडे गेले. लायसन्स २६ जूनला हाती आले. हा अर्ज करार येण्याची वाट न पाहता, निदान कागद गोळा करण्यापुरता, मार्चमध्येच सुरू करायला हवा होता. ही चूक माझी. मला ते ठाऊक होते आणि मी सांगायला विसरले.

सर्वांत अनपेक्षित अडचण तारखांची निघाली. जुना करार ३० जूनपर्यंत होता आणि नव्या रुग्णालयात नव्या रेसिडेंटसाठीचे परिचयसत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होते. दोन्हीकडे एकाच वेळी असणे वेळापत्रकाने अशक्य आणि व्हिसाने निषिद्ध. अखेर नव्या ठिकाणच्या कोऑर्डिनेटरने संगणकप्रणालीचे प्रशिक्षण जुलैच्या पहिल्या दोन दिवसांत घेतले आणि पहिले रोटेशन वॉर्डाऐवजी क्लिनिकचे दिले.

जुलैनंतर

बदली करणाऱ्याला पहिले तीन महिने काय सोसावे लागते, याची कल्पना आधी कोणी देत नाही. दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट टीमचा प्रमुख असतो. दोन इंटर्न त्याच्याकडे पाहत असतात. या डॉक्टरांना औषधे माहीत होती, पण रात्री सीटी स्कॅनसाठी कोणाला फोन करायचा, रक्तपेढीचा अर्ज कुठल्या पडद्यावर आहे, कोणते सल्लागार पहाटे तीनला फोन घेतात आणि कोणते सकाळपर्यंत थांबवतात, हे त्यांच्याबरोबरीच्या सर्वांना वर्षभरात अंगवळणी पडले होते आणि त्यांना एकाही गोष्टीचा पत्ता नव्हता. ‘इंटर्नला नम्रपणे विचारत होते, आणि त्यालाही माहीत नव्हते,’ असे त्यांनी ऑगस्टमध्ये मला लिहिले. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या वर्गातल्या एका सहकाऱ्याकडून अशा गोष्टींची वही उतरवून घेतली आणि पुढे तीच वही नव्या इंटर्नना दिली.

मागे क्लिनिकमधले त्यांचे साठेक रुग्ण राहिले. जूनमध्ये त्यांनी प्रत्येकासाठी हस्तांतराची टीप लिहिली, त्यासाठी रात्रपाळीनंतरच्या तीन सकाळी घालवल्या. हे त्यांना कोणी करायला लावले नव्हते. जुन्या डायरेक्टरांनी वर्षाखेरीच्या नोंदीत संवादकौशल्याच्या रकान्यात त्या टिपांचा उल्लेख केला.

कार्डिऑलॉजीचे काय होते ते अजून ठरायचे आहे. नव्या ठिकाणी दोन शिक्षकांनी त्यांना ओळखायला लागण्याइतका वेळ दिला आहे, तिसऱ्या पत्रासाठी त्या जुन्या रुग्णालयातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांना विचारणार आहेत, आणि ते विचारता येते ही गोष्ट डिसेंबरमधल्या त्या संभाषणामुळे शिल्लक राहिली आहे. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत मुलगी बहुधा झोपलेली असते. सकाळी भेटते.

जुन्या प्रोग्रॅमची जागा जूनअखेरपर्यंत रिकामी होती. ती शेवटी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात एक वर्षापुरतीच असलेली प्रिलिमिनरी जागा संपवून पुढे कुठेच स्थान न मिळालेल्या एका डॉक्टरला मिळाली. त्याच्यासाठीही तेच मूल्यमापन आणि तीच पडताळणी मागवली गेली, आणि तो ५ जुलैला रुजू झाला.